दोन तारखांचा हिशेब

कालनिर्णयच्या एका पानावर पेन्सिलीने गोल केलेला असतो. ती डॉक्टरांनी सांगितलेली बाळंतपणाची तारीख. त्याच्या चार-सहा पानं आधी आणखी एक गोल असतो, नर्सिंग कॉलेज सुरू होण्याच्या तारखेचा. सीईटी झाली, यादीत नाव लागलं, कागदपत्रं तपासून झाली, आणि त्याच सुमाराला कळलं की दिवस गेलेत. मग घरात दोन सूर लागतात. एक म्हणतो, “पोट घेऊन वॉर्डात कशी उभी राहशील? शिक्षण काय, पुढच्या वर्षी होईल.” दुसरा म्हणतो, “एवढ्या मेहनतीने सीट मिळाली, सोडू नको. आमच्या वेळी बाया निंदणाला जात होत्या नवव्या महिन्यापर्यंत.” दोन्ही सूर मायेचेच आहेत. पण त्या दोन गोलांच्या मधली पानं उलटून आठवडे मोजायचं काम दोघांकडूनही राहून जातं.

हिंमत थांबणारीकडेही असते आणि जाणारीकडेही. निर्णय ठरतो तो आठवड्यांवर आणि घरातल्या हातांवर. तो हिशेब कसा मांडायचा, ते इथे सविस्तर पाहू.

पहिल्या खाटा आईच्या आणि बाळाच्या

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात शिकणारीच्या बाबतीत या प्रश्नाला वेगळं वजन येतं. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेत असतानाच गेल्या. त्यानंतर गांधीजींच्या प्रेरणेने डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामात छोटं रुग्णालय सुरू केलं. जागा होती बिर्लांनी दिलेलं अतिथिगृह, खाटा १५, आणि त्या बायकांसाठी व मुलांसाठी. तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, इथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. आज याच परिसरात नर्सिंगचंही शिक्षण मिळतं.

गांधीजींचा स्वतःचा शुश्रूषेशी आलेला संबंध त्याहून जुना. दक्षिण आफ्रिकेत असताना ते एका धर्मादाय रुग्णालयात रोज तास-दोन तास काम करत. मे १९०० मध्ये धाकटे चिरंजीव देवदास जन्मले, तेव्हा कळा अचानक सुरू झाल्या. डॉक्टर लगेच मिळेना, सुईणीला आणायलाही वेळ नव्हता. ते बाळंतपण गांधीजींनी स्वतःच्या हाताने केलं. आपण घाबरलो नाही, असं त्यांनी आत्मकथेत नमूद केलं आहे, आणि त्याचं कारणही दिलं आहे: बाळंतपण आणि बालसंगोपनावरचं एक गुजराती पुस्तक त्यांनी आधीच बारकाईने वाचून ठेवलं होतं. पुढे सेवाग्रामात परचुरे शास्त्रींच्या कुष्ठाच्या जखमा त्यांनी याच सवयीने धुतल्या. ऐन वेळी हात थरथरत नाहीत ते आधी तयारी केलेली असते म्हणून. गर्भारपणात नर्सिंगला प्रवेश घेणारीलाही हाच नियम लागू पडतो.

“लग्न की नर्सिंग” हा प्रश्न कुठून आला

महाराष्ट्रात मराठी घरातल्या बायका परिचारिका होऊ लागल्या, त्यात रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाचा मोठा वाटा आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय करून घेतली. घरंदाज सासर-माहेर परक्या पुरुषांची शुश्रूषा करायला सून किंवा लेक पाठवायला तयार नव्हतं; पुढे आल्या त्या बहुतेक विधवा. म्हणजे हा व्यवसाय आपल्याकडे रुजला तोच “जिला संसार नाही तिचा” म्हणून.

त्या समजुतीचे नियमही झाले. सैन्याच्या परिचर्या सेवेत १९७७ च्या एका सूचनेनुसार लग्न हे नोकरीतून काढण्याचं कारण ठरत होतं. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून सेवामुक्त केलं गेलं. ती सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. गर्भारपणावरून नोकरी जाण्याच्या नियमाला त्याच न्यायालयाने १९८१ मध्येच घटनाबाह्य ठरवलं होतं. तो खटला एअर इंडियाच्या हवाई सेविकांचा, नर्गेश मिर्झा यांच्या नावाने ओळखला जाणारा. सैन्याच्या बी.एस्सी. नर्सिंगसाठी मात्र विवाहित बाईला आजही अर्ज करता येत नाही.

बाकी महाविद्यालयांची गोष्ट वेगळी आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रवेशाच्या अटी बोलतात त्या किमान १७ वर्षं वय, बारावीचे विषय व गुण आणि वैद्यकीय तंदुरुस्ती याबद्दल. गर्भारपण हा आजार नव्हे, त्यामुळे “तंदुरुस्ती” या शब्दाचा अर्थ महाविद्यालय काय लावतं, हे प्रवेशाआधीच विचारून घ्यावं. लपवून प्रवेश घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. त्याचं कारण पुढे वॉर्डातल्या धोक्यांच्या भागात येईलच.

२० आठवडे, त्यातले ४

आता कालनिर्णयची पानं उलटू. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार त्याची आठ सत्रं आहेत. एका सत्रात शिकवण्याचे आठवडे २०, आठवड्याचे तास ४०. परीक्षेला बसायचं तर प्रत्येक विषयाच्या तासिकांना आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते, आणि नियम स्पष्ट सांगतो की गैरहजेरीचं कारण काहीही असो. म्हणजे २० आठवड्यांतले जास्तीत जास्त ४ आठवडे हातात. शिवाय पदवी मिळण्याआधी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागाची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. वॉर्डातला चुकलेला एकेक दिवस नंतर करून द्यायचाच असतो.

आता दुसरी बाजू. बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण ६ आठवडे लागतात. वैद्यकशास्त्र हा काळ ४२ दिवसांचा धरतं. आपल्या आज्या सव्वा महिना म्हणत, तो हिशेब याच्या फार जवळ जातो. सिझेरियन झालं तर जड उचलणं किमान तेवढे दिवस तरी टाळायचं. ४ आठवड्यांत ६ आठवडे बसत नाहीत. बहुतेक जणींचा प्रश्न नेमका इथे अडतो.

उदाहरण घेऊ. कॉलेज १ ऑगस्टला सुरू झालं आणि त्या दिवशी १२ आठवडे पूर्ण झाले आहेत असं धरलं, तर बाळंतपणाची तारीख येते १३ फेब्रुवारी. पहिलं सत्र डिसेंबरअखेरीस संपतं, परीक्षा ३४-३५ व्या आठवड्यात होते. दमछाक होईल, पण प्रकृती ठीक असेल तर परीक्षा देता येते. अडचण दुसऱ्या सत्राची, कारण ते सुरू होता होता बाळंतपण येतं आणि ६ ते ८ आठवडे जातात. त्या सत्राची हजेरी भरणं जवळपास अशक्य.

१ ऑगस्टला २० आठवडे झाले असतील तर तारीख येते १९ डिसेंबर, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर. चार महिने जीव तोडून अभ्यास करायचा आणि परीक्षेच्या खोलीऐवजी प्रसूतिकक्षात जायचं. २८ आठवडे झाले असतील तर तारीख २४ ऑक्टोबर, सत्राच्या अगदी मध्यावर. आणि नुकतेच दिवस गेले असतील तर बाळ एप्रिलच्या सुमारास, दुसऱ्या सत्राच्या मध्यावर. दोन सत्रांमधल्या सुट्टीत बाळंतपण पडणं हा योग फार थोड्या जणींच्या वाट्याला येतो. प्रवेशाच्या तारखा दरवर्षी पुढे-मागे सरकतात, त्यामुळे महाविद्यालयाचं त्या वर्षाचं छापील वेळापत्रक हातात घेऊनच ही मोजणी करावी.

या आकड्यांनी घाबरून जाऊ नये, कारण याच नियमांत एक दिलासाही आहे. बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करायला जास्तीत जास्त मुदत आठ वर्षांची आहे. एक सत्र मागे राहिलं तरी शिक्षण संपत नाही, लांबतं. त्यामुळे “सगळं वेळेत जमेल का” हे विचारण्यापेक्षा “कुठलं सत्र मागे राहील आणि ते कधी भरून काढता येईल” हे विचारावं. पहिलं सत्र पूर्ण करून दुसरं सोडलेल्या विद्यार्थिनीला पुढच्या तुकडीबरोबर ते सत्र करू देतात का, याचं उत्तर प्राचार्यांकडून लेखी घ्यावं.

वॉर्ड नावाची जागा

पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र असतं आणि परिचर्येचा पाया घातला जातो. प्रसूतिपरिचर्या बी.एस्सी.ला सहाव्या-सातव्या सत्रात आणि जीएनएम पदविकेला तिसऱ्या वर्षी येते. म्हणून सुरुवातीचे महिने पुस्तकांचे, असा समज होतो. पण परिचर्येचा पाया म्हणजे काय, ते जवळून पाहू.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची चादर त्याला न उठवता बदलायची असते. एक जण रुग्णाला आपल्याकडे कुशीवर वळवून धरते, दुसरी जुनी चादर पाठीशी गुंडाळत आणते, नवी तिच्या मागोमाग उलगडते, मग रुग्णाला त्या गुंडाळीवरून पलीकडे वळवायचं आणि उरलेली बाजू ओढून घ्यायची. कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे, रुग्ण अंगाजवळ धरायचा, हे शिक्षिका शंभरदा सांगते. सातव्या महिन्यात मात्र पोटच मध्ये येतं. रुग्ण अंगाजवळ धरता येत नाही, तोल पुढे जातो, आणि गर्भारपणात सैल झालेले सांधे लवकर दुखावतात. अशा वेळी उचलण्याची बाजू दुसरीने घ्यायची आणि चादरीची बाजू हिने, एवढी साधी वाटणी पुरते. पण ही वाटणी तेव्हाच होते, जेव्हा वॉर्डातल्या सिस्टरला हिला दिवस असल्याचं माहीत असतं.

इतर धोक्यांचंही तसंच. हेपटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशा तीन मात्रांत देतात आणि ती गर्भारपणातही चालते. रुबेला आणि कांजिण्यांची लस मात्र जिवंत विषाणूंची असल्याने गर्भारपणात देत नाहीत. ती आधी घ्यावी आणि नंतर एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत. जिला अजून दिवस गेलेले नाहीत आणि नर्सिंगचा विचार आहे, तिने हे काम आजच उरकावं. कांजिण्या किंवा रुबेलाची प्रतिकारशक्ती नसलेल्या गर्भवतीला अशा रुग्णाजवळ पाठवू नये. कर्करोगाची औषधं तयार करण्याच्या जागी तिची पोस्टिंग नको. क्ष-किरण विभागात काम करणाऱ्या बाईने गर्भारपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त किरणोत्सार पोहोचू नये, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे. आणि सुई टोचलीच, तर जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची, पिळायची नाही, ताबडतोब सांगायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली, आणि ती गर्भवतीलाही देतात. ज्या मुलीने गर्भारपण लपवलं आहे, ती सुई टोचल्याचंही लपवण्याची भीती असते. म्हणून लपवू नये.

नाईट ड्यूटीचा प्रश्न स्वतंत्र आहे. डेन्मार्कमध्ये २२ हजारांहून अधिक गर्भवती नोकरदार स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की आठव्या आठवड्यानंतर एका आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केलेल्यांमध्ये पुढच्या आठवड्यातल्या गर्भपाताचा धोका तुलनेने ३२ टक्क्यांनी जास्त होता. मुळात त्या टप्प्यावर हा धोका थोडाच असतो, त्यामुळे आकडा ऐकून हादरू नये. पण सलग नाईट नको, अशी विनंती करायला हा पुरेसा आधार आहे.

वर्ध्याची म्हणून दोन पथ्यं वेगळी. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. वसतिगृहापासून वॉर्डापर्यंतचं चालणं, समाज आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये खेड्यात उन्हातून घरोघरी जाणं, यांत गर्भवतीच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. एप्रिल-मे-जूनमध्ये शेवटची तिमाही येत असेल तर हिशेबात उन्हाळा धरलाच पाहिजे. दुसरं म्हणजे विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा आहे. नवरा-बायको दोघांची सिकलसेलची तपासणी झालेली नसेल तर ती पहिली करावी. गर्भारपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय मानतात. तशा अवस्थेत रोज सहा-सात तास उभं राहणं जड जाणारच. लोह-फॉलिक आम्लाच्या किमान १८० गोळ्या आरोग्य केंद्रातून मोफत मिळतात. त्या डब्यात पडून राहू नयेत.

कायदा कुठपर्यंत सोबत करतो

२०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सक्ती केली. पण हा हक्क नोकरदार बाईचा आहे. विद्यार्थिनी वॉर्डात तेवढाच वेळ उभी राहते, तरी कायद्याच्या नजरेत ती कर्मचारी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. व पीएच.डी.च्या विद्यार्थिनींना २४० दिवसांपर्यंतच्या रजेची तरतूद केली, आणि डिसेंबर २०२१ मध्ये पदवी-पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठीही नियम करावेत असं विद्यापीठांना कळवलं. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एम.एड.च्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण आलं. तिचा मातृत्व रजेचा अर्ज विद्यापीठाने नाकारला होता. शिक्षण आणि मातृत्व यांतलं एक निवडायला बाईला भाग पाडता येणार नाही, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि फेरविचार करायला सांगितलं.

हे निकाल अर्ज लिहिताना उपयोगी पडतात. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे: नर्सिंगमधली प्रात्यक्षिकाची हजेरी रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आहे, तिच्यावर पाणी सोडावं असं कुणी म्हणू नये. मागणी करायची ती हजेरी माफ करण्याची नव्हे. ते तास नंतर करू देण्याची, बाळाला दूध पाजायला वेळ व जागा देण्याची आणि राहिलेलं सत्र पुढच्या तुकडीबरोबर पूर्ण करू देण्याची. आईला सांभाळण्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थेने आपल्याच वर्गातल्या आईसाठी एवढं करावं, ही अपेक्षा रास्त आहे.

सातवा आठवडा

बाळंतपण हा शेवटचा अडथळा आहे असं सगळे धरून चालतात. खरी परीक्षा सातव्या आठवड्यात सुरू होते, जेव्हा आई वॉर्डात परतते. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यायचं असतं. लहान बाळ दर दोन-तीन तासांनी पितं. सकाळची ड्यूटी सहा-सात तासांची, म्हणजे दोन-तीन वेळचं दूध काढून ठेवायचं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास टिकतं. वर्ध्याच्या एप्रिलमध्ये खोली २५ अंशांवर नसते. तेव्हा फ्रिज किंवा बर्फाचा डबा हवा आणि वाटी-चमच्याने पाजणारं शांत माणूस हवं. वसतिगृहात राहणं सक्तीचं असेल तर बाळाला तिथे ठेवता येत नाही. मग बाहेर राहण्याची परवानगी मिळते का, मिळाली तर सेवाग्रामात किंवा आठ किलोमीटरवरच्या वर्ध्यात खोली घ्यायची का, तिथे आई येऊन राहील की सासूबाई, हे सगळं आधी ठरवावं लागतं. “आम्ही आहोत ना” हे वाक्य मोलाचं आहे, पण त्यापुढे महिना आणि वार लागल्याशिवाय त्यावर प्रवेश घेऊ नये. आणि या यादीत नवऱ्याचं नाव रात्रीच्या पाळीत असावं. देवदासांच्या जन्माची तयारी त्यांच्या वडिलांनी पुस्तक वाचून केली होती, हे सेवाग्रामच्या परिसरात तरी विसरू नये.

मग काय करावं

बाळ पहिल्या सत्रानंतर येणार असेल, प्रकृती चांगली असेल, राहिलेलं सत्र पुढे करू देण्याचं लेखी उत्तर असेल आणि बाळाजवळ थांबणारं माणूस असेल, तर प्रवेश घ्यावा. पहिल्या सत्राचं यश गाठीला राहील आणि सीटही.

बाळ पहिल्या सत्राच्या मध्यावर किंवा परीक्षेच्या दारात येणार असेल, तर थांबणं शहाणपणाचं. त्याची किंमत आहे, ती नाकारू नये: सीईटीचे गुण त्या वर्षीच्या प्रवेशापुरतेच, परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पण नर्सिंगचं शिक्षण वयाच्या अठराव्या वर्षीच सुरू व्हावं असा कुठे नियम नाही. एएनएमच्या अभ्यासक्रमासाठी कमाल वयही ३५ आहे. बाळ वर्षाचं झालं की आई सलग झोपू लागते, आणि प्रसूतिपरिचर्येच्या तासाला तिच्याइतकं समजून ऐकणारं वर्गात दुसरं कुणी नसतं.

पोटात जुळं आहे, रक्तदाब वाढलेला आहे, अंगावरून जातंय किंवा पूर्वी दिवस भरण्याआधी बाळंतपण झालं आहे, अशा वेळी मात्र बाकी हिशेब बाजूला ठेवून प्रसूतितज्ज्ञांचा शब्द शेवटचा मानावा.

आता पुन्हा भिंतीवरच्या कालनिर्णयकडे जाऊ. पेन्सिल घ्यावी. बाळंतपणाच्या तारखेपासून पुढचे सव्वीस आठवडे एकेक करून पाहावेत, आणि प्रत्येक आठवड्याच्या चौकटीत त्या आठवड्यात बाळ कुणाच्या मांडीवर असेल त्याचं नाव लिहावं. आईचं माहेर, सासूबाई, नणंदेच्या उन्हाळी सुट्ट्या, नवऱ्याची रजा, पगारावर ठेवलेल्या मावशी. नावं लिहिताना त्या त्या माणसाला विचारून लिहावीत. सव्वीसच्या सव्वीस चौकटी भरल्या तर बॅग भरायला घ्यावी. मध्ये रिकाम्या चौकटी राहिल्या, तर त्या कशा भरतील याचा विचार करायला एक वर्ष हाताशी आहे, आणि पुढच्या वर्षीचं कालनिर्णय त्याच खिळ्यावर येणार आहे.